बॅटरीचे बारा महिने

(गणेशोत्सवातील दुपारच्या सत्रात आपल्या मंडळाच्या सजावट समितीने केलेल्या भाषणाचा मजकूर. मध्येच आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्या त्या जागी घेतली आहेत.)



या सत्रात दरवर्षी कोणी मधुमेहावर बोलते, कोणी अहिल्यादेवींच्या कारभारावर, कोणी आयकरावर. यंदा कार्यकारिणीने सजावट समितीला उभे केले आहे. आम्ही शिडीवर चढणारी माणसे. माईकसमोर उभे राहायची आम्हाला सवय नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून हे लिहून काढले आणि आमच्यात ज्याचा आवाज मोठा त्याला वाचायला दिले. विषय आहे ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या. पत्रिकेत तो वाचून काही जणांनी ‘हे काय आता नवीन?’ असे विचारले. विचारणे बरोबर आहे. त्याचे उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीत आहे, पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आपली सजावट पूर्वी थर्मोकोलची असायची. कटरने कापा, फेविकॉलने चिकटवा, टाचण्या टोचा, की दोन रात्रींत महाल उभा. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली त्यांत सजावटीचे थर्मोकोलही होते. आमची तक्रार नाही. विसर्जनानंतर ते पांढरे दाणे नाल्यात तरंगताना आम्हीच पाहिले आहेत. पण थर्मोकोल गेले आणि त्या जागी प्लायवुड, बांबू, पुठ्ठा आणि कापड आले. प्लायवुड टाचणीने उभे राहत नाही, त्याला स्क्रू लागतात. गेल्या वर्षी आपण राजवाड्याचा दर्शनी भाग केला होता, त्यात अकराशेच्या आसपास स्क्रू होते. उतरवताना डब्यात मोजून भरले म्हणून आकडा माहीत आहे. तेवढे स्क्रू हाताने पिळणारा सुतार आता मिळत नाही, आणि मिळालाच तर दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होत नाही. म्हणून मंडळाने सियागंजातून तीन कॉर्डलेस ड्रिल, सहा बॅटऱ्या आणि दोन चार्जर घेतले. खर्चाचा हिशेब वार्षिक सभेत झालेला आहे, तो आता उकरत नाही.

आपले शहर झांक्यांचे. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल यांचे भोंगे कधीच थांबले, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांच्या झांक्या अजून निघतात आणि आपण अजून रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून त्यांची वाट पाहतो. आमच्या समितीतले दोन ज्येष्ठ काका तरुणपणी त्या झांक्यांच्या विजेच्या कामाला मदत करायचे. ते सांगतात, तिथला प्रत्येक माणूस तारेला घाबरायचा. तार पायाखाली आली की आधी बटण बंद, मग पाऊल. कॉर्डलेस मशीनला तार नाही. म्हणून आम्ही घाबरलोच नाही. आमची चूक तिथून सुरू झाली.

पहिल्या वर्षी सगळे झकास झाले. विसर्जन झाले, मांडव उतरला, शेवटचा स्क्रू निघेपर्यंत ड्रिल चालवले, बॅटऱ्या पार रिकाम्या झाल्या आणि तशाच पेटीत टाकल्या. पेटी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. आपले झांज, ढोल, मखर, जुनी तोरणे सगळे तिथेच असते, तर बॅटऱ्याही तिथेच, असा सरळ विचार. मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. पत्र्याखाली किती जातो ते आम्ही मोजले नव्हते, पण शेजारच्या डब्यातल्या मेणबत्त्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. पुढच्या श्रावणात पेटी उघडली तर सहापैकी चार बॅटऱ्या चार्जरला दादच देईनात. चार्जरचा दिवा नुसता लुकलुकायचा.

आता नव्या चार बॅटऱ्या म्हणजे पुन्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार. आमच्यातल्या एका तरुणाने, नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, मोबाइलवर एक युक्ती पाहिली. चांगल्या बॅटरीची दोन टोके तारेने मेलेल्या बॅटरीच्या दोन टोकांना जोडायची, दोन मिनिटे धरायची, मग ती चार्जरवर लावायची. त्याने तसे केले आणि चार्जरने ती बॅटरी खरोखरच स्वीकारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत समितीतले सगळे होते, त्यामुळे दोष एकट्याचा नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

गौरी जेवल्या त्या रात्रीची गोष्ट. मंचाच्या बाजूच्या खोलीत ती बॅटरी चार्जिंगला लावून आम्ही घरी गेलो. त्या खोलीत काय होते ते आठवा: उरलेले साटीन, कापूर, तेलाचा डबा, पुठ्ठ्याचे खोके. आणि पडद्याच्या अलीकडे मांडवात राखणीला झोपलेली आपली सात-आठ मुले. रात्री दोनच्या सुमारास आमचे एक काका समईत तेल घालायला उठले. त्यांना गोडसर वास आला, नखांना लावायच्या पॉलिशसारखा. आधी वाटले, कोणाचे अत्तर सांडले. मग पाहिले तर बॅटरीच्या डब्याचा जोड फुगून उघडला होता आणि जवळ हात नेववत नव्हता. त्यांनी बटण बंद केले, बॅटरीसकट चार्जर लोखंडी परातीत ढकलला आणि परात अंगणात, मांडवाच्या खांबांसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवली. पाच-सात मिनिटांत फुस्स आवाज झाला, पांढरा धूर निघाला, मग ज्वाळा. एक सेल, मग दुसरा, मग तिसरा, असे अर्धा तास चालले होते. मुले उठली. एकाला वाटले कोणी फटाके लावले.

दुसऱ्या दिवशी आरतीला आम्ही ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. वाळूवरचा काळा डाग खराट्याने सारखा केला. आज सांगतो आहोत, कारण त्या मुलांचे आईवडील समोर बसले आहेत आणि त्यांना ते कळायला हवे होते.

काकांनी परात उचलली ते धाडस होते, पण शहाणपण नव्हते, हे आता तेच म्हणतात. पाच मिनिटे उशीर झाला असता तर ते सगळे परातीसकट हातात फुटले असते. आधी मुलांना उठवून बाहेर काढायला हवे होते.

तेव्हापासून आम्ही या विषयात डोके घातले. पुस्तिका वाचल्या, ज्या विकत घेतल्या त्या दिवशी खोक्यासकट फेकल्या होत्या, त्या पुन्हा मिळवल्या. मंडळातले एक सभासद कारखान्यात विद्युत विभागात होते, त्यांच्याकडे चार संध्याकाळी बसलो. त्यातून जे कळले ते सांगतो.

बॅटरीचा डबा एक दिसतो, पण आत वेगवेगळे सेल असतात, पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड. लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा. असे पाच एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. तोच सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे पाचांचे मिळून २१. म्हणून एक कंपनी डब्यावर १८ लिहिते आणि दुसरी २० मॅक्स लिहिते. आत दोन्हीकडे पाचच. २० म्हणजे जास्त ताकद असे समजून आमच्यातल्या दोघांनी दुकानात बराच वाद घातला होता, तो वाया गेला. दुसरा आकडा अँपिअर-तासांचा. २ लिहिले असेल तर सहसा पाच सेल, ४ किंवा ५ लिहिले असेल तर बहुधा दहा, म्हणजे पाच जोड्या. परातीत फुटली ती दहा सेलवाली होती.

हे पाच एका रांगेत असतात हे महत्त्वाचे. पाच जण रांगेत उभे राहून विटा पुढे देत आहेत अशी कल्पना करा. एक जण थकला की सगळी रांग त्याच्या गतीने चालते, आणि बाकीच्यांनी जोर केला तर त्याचाच खांदा निखळतो. बॅटरीतही तसेच. चार सेल ठीक असतात, एक दमलेला असतो. आपण ट्रिगर दाबत राहतो आणि तो दमलेला सेल पार तळाला जातो. सेल अडीच व्होल्टच्या खूप खाली गेला आणि तसाच महिनोनमहिने पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्रीतले तांबे विरघळू लागते. मग कोणी तो सेल बळेच भरला की ते तांबे नको त्या जागी पुन्हा साचते. सेलच्या दोन बाजूंमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. ते तांबे तो भेदू शकते. दोन बाजू आतल्या आत भिडल्या की सेल तापतो, तापला की आतले रसायन आणखी उष्णता देते, आणि मग तो कोणाचे ऐकत नाही. शेजारचा सेल तापतो, त्याच्या शेजारचा. आम्ही अंगणात तेच पाहिले.

म्हणजे चार्जर लुकलुकत होता तो बिघडला नव्हता. तो ‘नाही’ म्हणत होता. आम्ही तार जोडून त्याला ‘हो’ म्हणायला लावले.

इथे आमच्या ज्येष्ठ काकांचा एक मुद्दा सांगायलाच हवा, कारण तो अर्ध्या सभागृहाच्या मनात असेल. ते म्हणाले, बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची असते, आम्ही कारखान्यात तसेच करायचो. काका खोटे बोलत नव्हते. त्यांच्या काळची बॅटरी निकेल-कॅडमियमची. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये पहिले कॉर्डलेस ड्रिल काढले ते त्याच जातीच्या सेलवर. त्या सेलला वारंवार अर्धे वापरून अर्धे भरले तर त्याची क्षमता घटल्यासारखी होई, म्हणून कधीमधी पूर्ण उतरवायची पद्धत पडली. लिथियम-आयन सेल बाजारात आला १९९१ मध्ये, सोनी कंपनीने आणला. त्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आपल्या काकांना ही माहिती फार आवडली. या नव्या सेलला तसली खोड नाही. त्याला उलट पूर्ण उतरवणे सोसत नाही. अर्धा वापरा, थोडा भरा, पुन्हा वापरा, त्याला आनंदच आहे. मशीनचा जोर कमी झाला की थांबायचे. ‘आणखी दोनच स्क्रू’ म्हणून थांबून थांबून ट्रिगर दाबायचा नाही. ते दोन स्क्रू बॅटरीचे आयुष्य खातात. काकांनी आमचे ऐकले, पण त्यांनी घरातला मोबाइल अजून रोज शून्यावर आणणे सोडलेले नाही.

एका ताईंनी प्रश्न विचारला: मग पूर्ण भरून ठेवली तर उत्तम ना? नाही. काम उद्या असेल तर आज पूर्ण भरा. पण चार महिने, आठ महिने ठेवायची असेल तर अर्ध्यावर. बॅटरीवर चार दिवे असतात, त्यांतले दोन लागतील एवढी. पूर्ण भरलेला सेल ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. तसाच ठेवला तर हळूहळू त्याची क्षमता कायमची कमी होते. त्यात उष्णता आली की ती झीज फार भराभर होते. भरलेली आणि गरम, हे वाईट. रिकामी आणि विसरलेली, हे त्याहून वाईट, कारण रिकामी बॅटरी काही न करताही आणखी थोडी उतरते. डब्यातल्या छोट्या सर्किटलाही जराशी वीज लागतेच. आम्ही एकाच वर्षात रिकामी, गरम आणि विसरलेली हे तिन्ही साधले होते.

फ्रिजमध्ये ठेवू का, असेही एकांनी विचारले. फ्रिजमध्ये श्रीखंड ठेवा. बाहेर काढताना बॅटरीवर दव धरते, ते टोकांना बरे नाही. घरातली आतली खोली, लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, जिथे ऊन येत नाही आणि वर पत्रा नाही, एवढे पुष्कळ.

चार्जिंगबद्दल. काम करून बॅटरी गरम झाली असेल तर लगेच चार्जरवर लावू नका. चांगला चार्जर स्वतःच थांबतो, त्याचा वेगळा दिवा लागतो, आणि आपल्याला वाटते बिघडला. वीस मिनिटे सावलीत ठेवा. बहुतेक पुस्तिकांत चाळीस अंशांच्या वर चार्ज करू नका असे असते, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर हा उद्योग नकोच. थंडीचे आपल्याकडे विशेष नाही, मालव्यातली थंडी गोड असते. पण एका सभासदांचा मुलगा कॅनडात असतो, तिथे गॅरेजमध्ये पारा शून्याखाली जातो. शून्याखाली चार्ज केले तर लिथियम सेलच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूचा थर होऊन बसते आणि तो थर पुन्हा निघत नाही. त्याला आम्ही बॅटरी घरात आणून तासभर ठेवून मग लावायला सांगितले. तो म्हणाला, हे मला इथे शेजाऱ्याने आधीच सांगितले आहे. असो.

चार्जिंगच्या शेवटी वेळ का लागतो, हे आम्हाला आपल्या पंगतीवरून समजले. पंगत मांडली की पहिली शंभर माणसे भरभर बसतात. शेवटची वीस माणसे उभी राहून जागा शोधतात, कोणी सरकते, कोणी पाट ओढते. चार्जरही आधी जोरात वीज देतो, आणि सेल ४.२ व्होल्टच्या जवळ आला की हात आखडता घेत थेंबथेंब देतो. म्हणून घाई असेल तर तीन दिवे लागताच काढून कामाला लागा, काही बिघडत नाही. चौथ्या दिव्यासाठी थांबलात तर चहा होतो, एवढाच फायदा.

चार्जर आणि बॅटरी एकाच कंपनीची, एकाच मालिकेची असू द्या. कोणाचा चार्जर कोणाच्या बॅटरीला बसतो म्हणून लावायचा नाही. बसणे आणि जमणे वेगळे. स्वस्तातली, नाव नसलेली बॅटरी मशीनला बसते, पण आतले सर्किट प्रत्येक सेलवर वेगळे लक्ष ठेवते की नाही हे बाहेरून दिसत नाही. आपल्याला वाचलेले हजार रुपये दिसतात. मंडळासाठी तरी आता आम्ही अशी बॅटरी घेणार नाही, आणि कोणी देणगी म्हणून दिली तर आभार मानून परत करू. देणाऱ्याने राग मानू नये.

जनरेटरवर चार्जर लावायचा नाही. काही पुस्तिकांत तसे स्पष्ट लिहिले आहे. मांडवाचा जनरेटर सुरू-बंद होताना व्होल्टेज कसे उड्या मारते ते आपण दिव्यांच्या माळांत पाहतोच. दिव्यांच्या माळा, फवारा आणि चार्जर एकाच ढिल्या एक्स्टेंशन बोर्डावर, हे तर नाहीच नाही.

आणि गुलाल. याचा विचार कोणत्याही पुस्तिकेत नाही. मिरवणुकीनंतर चार्जरच्या जाळीत आम्हाला बोटभर गुलाल सापडला. हवा खेळायची ती जाळी बंद म्हणजे चार्जर तापणार. आता गुलाल उधळायच्या दिवशी मशीन, बॅटऱ्या, चार्जर झाकणाच्या डब्यात. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी आणि लाकडाचा भुसाही तितकाच वाईट. टोके कोरड्या फडक्याने पुसायची, ओल्या नाही. पावसात भिजलेली बॅटरी उन्हात वाळवून लगेच लावायची नाही. आत पाणी गेल्याची शंका असेल तर ती वापरायचीच नाही.

आमच्यातल्या एकाने सुटे स्क्रू आणि बॅटरी एकाच पिशवीत टाकली होती. एक स्क्रू दोन्ही टोकांवर आडवा पडला तर काय होईल ते सांगायला नको. बॅटरीला टोपी असते, ती बाळाच्या टोपीसारखी हरवते. हरवली तर टोकांवर चिकटपट्टी लावा. विमानाने जाणाऱ्यांसाठी: सुटी बॅटरी सामानात टाकू नका, सोबत केबिनमध्ये घ्या, टोके झाकून. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, १०० च्या आत, म्हणून चालते. पुण्याला मुलीच्या घरी कपाट ठोकायला निघालेल्या आमच्या एका काकांची बॅटरी सामानातून काढून घेतली गेली. काका पोचले, ड्रिल पोचले, कपाट जमिनीवरच राहिले.

एवढे ऐकून एका मावशींनी विचारले, मग ही ब्याद हवीच कशाला? तारवाले ड्रिल घ्या. मावशी, आम्हीही हाच विचार केला होता. भाद्रपदातल्या ओल्या मांडवात, शिडीवर, पायाशी तार आणि खाली पाणी, त्यातला धोका झांकीवाले काका जाणतात. शिवाय आपल्या सजावटीला जे सुतार येतात त्यांचे पोटच आता या मशीनवर आहे. एका चांगल्या बॅटरीला त्यांची तीन-चार दिवसांची मजुरी जाते. त्यांच्याकडे त्यांच्या बॅटऱ्या चौथ्या वर्षीही जोरात आहेत. आम्ही विचारले, काय करता? ते म्हणाले, काही नाही, घरी नेतो, आणि पोरांना हात लावू देत नाही. त्यांच्याकडे दोनच बॅटऱ्या आहेत आणि त्या रोज वापरात आहेत, म्हणून विसरल्या जात नाहीत. आमच्याकडे सहा होत्या आणि कोणाच्याच नव्हत्या.

आता, तरीही कधी वास आला, डबा फुगला, सूं आवाज आला तर. पहिले माणसे बाहेर, मुले आधी. जमल्यास मुख्य बटण बंद. धूर छातीत घ्यायचा नाही, तो विषारी असतो. बॅटरी उचलायला जायचे नाही. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२. लिथियम म्हणजे पाणी टाकूच नये असा एक समज आहे. या सेलमध्ये धातूरूपातले लिथियम ते नव्हे, आणि वीज बंद असेल तर लांबून भरपूर पाणी मारून थंड करणे हाच उपाय. वाळू ज्वाळा झाकते, पण थंड करत नाही, म्हणून आमची परात अर्धा तास धुमसत होती. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटू शकते, तेव्हा घरात परत आणायची नाही.

मेलेली किंवा फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत, त्यांत बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देणे हे आपले, म्हणजे वापरणाऱ्याचे, कर्तव्य सांगितले आहे, आणि परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. आपल्या इंदूरला हे अवघड जाऊ नये; घरोघरी येणाऱ्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे आणि आपण सहा प्रकारचा कचरा वेगळा करून दाखवला आहे. फक्त गाडीत टाकताना टोकांवर चिकटपट्टी लावा आणि गाडीवरच्या दादांना सांगा, की ही बॅटरी आहे. गाडीत दाबली गेली तर आग त्यांच्या पाठीमागे लागेल. फुगलेली असेल तर गाडीतही नको, आम्हाला कळवा.

गेल्या वर्षापासून आम्ही एक पद्धत चालू केली आहे. विसर्जनानंतर बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत जात नाहीत, सभासदांच्या घरी जातात. प्रत्येक बॅटरीवर रंगाने नंबर आहे. दोन दिवे लागतील एवढी भरायची, टोपी किंवा पट्टी लावायची, आणि घरी न्यायची. एक वही आहे. दिवाळीनंतर, संक्रांतीला, गुढीपाडव्याला आणि आषाढात, असे वर्षातून चारदा प्रत्येकाने बटण दाबून दिवे पाहायचे आणि समितीच्या ताईंना फोनवर सांगायचे: दोन, किंवा एक. एक असेल तर थोडी भरायची. एका घरी सूनबाईंनी बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि तिला हळदीकुंकूही लावले. टोकांना लावले नाही, त्यामुळे आमची हरकत नाही. यंदा पेटी जमवली तेव्हा पाचच्या पाच बॅटऱ्या चालू होत्या. त्यांतल्या तीन नव्या आहेत, तीन जुन्या तेव्हाच बाद केल्या, आणि तारेने जोडलेली वाळूवर गेली. नव्या तीनच घेतल्या, म्हणून सहाच्या पाच झाल्या.

चार्जिंगची जागाही बदलली. आता चार्जर बाहेरच्या पायऱ्यांजवळ, फरशीवर, वर छप्पर आणि आजूबाजूला हातभर मोकळी जागा. शेजारी कापड, कापूर, पुठ्ठा काही नाही. आरतीच्या वेळी आणि रात्री दहानंतर चार्जर बंद. समितीतला एक जण जागा असेल तरच बॅटरी लावायची, आणि तो घरी जाताना काढायची. मांडवात राखणीला झोपणाऱ्या मुलांना वास कसा असतो आणि पळायचे कुठून हे आम्ही पहिल्याच संध्याकाळी दाखवले. त्यांनी ते तीन वेळा पळून दाखवले, तिसऱ्यांदा गरज नव्हती.

यंदाच्या पाच घरांची यादी फलकावर लावली आहे. एक, दोन, तीन आणि पाच नंबरची नावे आली आहेत. चार नंबरची बॅटरी, मोठी, दहा सेलवाली, तिला अजून घर मिळालेले नाही. ज्यांच्याकडे आतली खोली आणि उंदीर नसलेले कपाट असेल त्यांनी अनंत चतुर्दशीच्या आधी वहीत नाव लिहावे. वही प्रसादाच्या टेबलावर आहे, पेन दोऱ्याने बांधलेले आहे.